हिरीतली ओवाळणी

शिवाजी पेठेत कृष्णातचं भांड्यांचं दुकान होतं. पाडव्याला बायकोनं ओवाळलं की कृष्णात ताटात काय घालणार, हे सगळ्या गल्लीला आधीच ठाऊक असायचं. दुकानात जे खपलं नाही ते. एका वर्षी इडलीपात्र, एका वर्षी तोटी लावलेलं पिंप, एका वर्षी असलं काहीतरी यंत्र की ज्यानं बटाट्याच्या लांबच लांब दोऱ्या निघतात. माणूस कंजूष नव्हता, उलट हाताचा सढळ. पण बायकांना वस्तू आवडतात आणि वस्तू तर आपल्याकडं छतापर्यंत रचलेल्या आहेत, मग आणखी विचार कसला करायचा, असा त्याचा साधा हिशेब.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीच्या साफसफाईत त्या हिशेबाला तडा गेला. लेक निशा लग्न होऊन मुरगूडला गेली होती, घरात दोघंच. त्याची बायको झुंबर माळ्यावर चढून एकेक खोकं खाली देत होती, आणि कृष्णात स्टुलावर उभा राहून झेलत होता. खोकी काही संपेनात. शेवटी एक खोकं तिनं वरच धरून ठेवलं.

"ह्यात काय हाय, सांगा बघू."

कृष्णातनं डोकं खाजवलं. "थर्मास?"

"न्हाय."

"मग ते पापड भाजायचं?"

"देणाऱ्यालाच ठावं न्हाय, आणि मला भेट दिलीसा म्हणं!" झुंबर माळ्यावरनं पाय खाली सोडून बसली. केसांत जळमटं, नाकावर काळा डाग, आणि डोळे असे की कृष्णात स्टुलावरनं निमूट उतरला. "हे बगा, यंदा ताटात वस्तू पडली तर ताटासकट उचलून दुकानात आणून ठेवीन."

"मग काय पायजे तुला?"

"मजा."

"काय?"

"मजा पायजे मला. दिवाळी हाय न्हवं?"

कृष्णात चार दिवस मजा शोधत हिंडला. महाबळेश्वर म्हणाला, तर ती म्हणाली, थंडीनं तुमचं गुडघं धरणार आणि मी शेकत बसणार. पन्हाळ्यावर जाऊन पिठलं-भाकरी खाऊ म्हणाला, तर म्हणाली, पिठलं काल कुणी केलतं? सिनेमाचं नाव काढलं तर ती नुसतं घोरल्याचा आवाज काढून दाखवायची. गड्याची झोप उडाली. तुझ्या बायकोला कशानं हसू फुटतं, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं, आणि ही गोष्ट गल्ल्यावर बसल्या बसल्या त्याला फार लागली.

अशात झुंबरचा धाकटा भाऊ गुंडू दिवाळीच्या बाजाराला नेसरीहून कोल्हापुरात आला, तो दुकानात चहाला टेकला. कृष्णातनं इकडंतिकडं बघून त्याला हळूच विचारलं.

"गुंडू, तुझ्या आक्काला लग्नाच्या आधी कशात मजा यायची रं?"

गुंडूला असा ठसका लागला की चहा नाकातनं आला. "दाजी, तुमाला ठावं न्हाय? हिरीत उडी!"

"कुणाच्या हिरीत?"

"आमच्याच की! मोटंच्या दगडावर चढायची आणि मुटका मारायची. पाणी असं उडायचं की काठावरची कबुतरं भिजायची. आमी पोरं तिच्याकडनंच पवायला शिकलो."

"मग मला बावीस वर्षांत बोलली न्हाय ती?"

"आईनं दम भरल्याला. पोरगी हिरीत उड्या मारती म्हणून कळलं तर शहरातलं स्थळ मोडंल म्हणाली. सगळ्या घराला शपथ घातल्याली."

कृष्णात गल्ल्यावर बसून राहिला. समोर गिऱ्हाईक कुकर वाजवून बघत होतं, त्याच्याकडं त्याचं लक्षच नव्हतं. आपल्या झुंबरला गुडघे छातीशी धरून हवेतनं खाली येताना तो बघत होता.

"भाऊबिजेला आलो की तिला मुटका मारू दे," तो म्हणाला.

"हीर तुडुंब हाय दाजी. पर दिवाळीत सगळ्या गावाची पोरं तिथंच पडल्याली असत्यात. त्यांच्यासमोर आक्का न्हाय उतरायची."

"मग त्यांना एक दिवस हाकल."

गुंडूनं मिशीवरचा चहा पुसला. "सोडा माझ्यावर."

पाडव्याला पेठेत नेहमीची धमाल होती. शिंगं रंगवलेल्या, मोरपिसं बांधलेल्या म्हशी सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलींमागं पळत होत्या, आणि त्या गदारोळात झुंबरनं कृष्णातला ओवाळलं. कृष्णातनं ताटात एक सुपारी ठेवली. नुसती सुपारी.

"ह्ये काय?"

"वस्तू नको म्हणालीस न्हवं?"

"मग मजा कुठाय?"

"नेसरीला. उद्या." आणि पुढचं काही तोंडातनं निसटू नये म्हणून त्यानं अख्खा लाडू तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून, गडहिंग्लजला गाडी बदलून दोघं नेसरीला पोचली. गुंडूला ओवाळून झालं, जेवणं बसली. गुंडूची बायको तानाबाई वाढता वाढता म्हणाली, "वन्सं, हिरीकडं कुणी फिरकू नगा बरं का. पंपाचा करंट पाण्यात उतरलाय. कालपास्नं सगळ्या गावाला सांगत सुटल्यात हे."

झुंबरचा घास हातातच राहिला. "आपल्या हिरीत?"

"व्हय की. पाय बुडवला तरी माणूस जाईल म्हणं."

कृष्णातनं गुंडूकडं बघितलं. गुंडू भातात खड्डा करून त्यात आमटी ओतण्यात गुंग होता. तानाबाईच्या पोटात काही राहत नाही, म्हणून त्यानं ती थाप बायकोलाही मारली होती, आणि इतकी झकास मारली होती की गावातलं कुत्रंसुद्धा विहिरीकडं जायचं बंद झालं होतं.

जेवण झाल्यावर कृष्णात झुंबरला रानात घेऊन गेला. उसापाशी वाट वळते त्या वाकणावर गुंडू राखणीला थांबला, ही दोघं पुढं गेली. वरच्या आठ-दहा पायऱ्या सोडल्या तर विहीर भरलेली होती. हिरवंगार पाणी, त्यात उन्हाचा एक लांब पट्टा, आणि कपारीतनं कबुतरांचं घुमणं. मोट कधीच बंद झाली होती, पण तिचा पुढं आलेला दगड तसाच होता. त्या दगडाकडं बघून झुंबरच्या चेहऱ्यावर जे काही उजळलं, ते कृष्णातनं लग्नात सुद्धा बघितलं नव्हतं.

"ही घे तुझी ओवाळणी," तो म्हणाला. "मार उडी."

चेहरा एकदम विझला. "मला मारायला आणलासा व्हय हितं?"

"अगं, करंट-बिरंट काय न्हाय! गुंडूची थाप हाय ती. गाव लांब ऱ्हावं म्हणून."

"तानी काय खोटं बोलती?"

"तिला बी थापच मारलीया!"

"मग हात घालून दाखवा."

आता आली का पंचाईत! कृष्णात पेठेत वाढलेला, बादलीनं अंघोळ करणारा माणूस. रंकाळ्यावर जाऊनसुद्धा त्यानं कधी घोट्याच्या वर पाणी येऊ दिलं नव्हतं. पण बायको काठावर कमरेवर हात ठेवून उभी होती. तो भिंतीला धरून एकेक पायरी उतरला, खाली वाकला आणि पाण्यात हात घातला.

"ह्ये बघ!" असं म्हणून त्यानं ऐटीत वर बघितलं, आणि शेवाळ्यावरनं त्याचा पाय सटकला.

पुढचं त्याला झुंबरनं नंतर सांगितलं. नवऱ्यानं पाण्यात हात घातला आणि झटका बसल्यासारखा तो आत गेला, एवढंच तिला वरनं दिसलं. ती धावली आणि दगडावरनं तिनं उडी घेतली. पाण्यात करंट असेल तर आपणही जाऊ, हा विचार तिला आला तो हवेत असताना, आणि तेव्हा परत फिरायची काही सोय नव्हती.

कृष्णातला कळलं ते एवढंच, की डोक्यावर हिरवा अंधार आहे, नाकात पाणी आहे, आणि कुणीतरी आपल्याला सदऱ्याच्या कॉलरनं धरून ओढत आहे. मग उजेड आला. झुंबरनं त्याला पायरीवर टाकला आणि पाठीत दणके घातले.

"जित्तं हायसा?"

"हाय," कृष्णात खोकत म्हणाला.

"करंट?"

"न्हाय म्हणलं न्हवं!"

ती कमरेपर्यंत पाण्यात उभी होती. अंबाडा सुटलेला, कुंकू नाकापर्यंत उतरलेलं, भाऊबिजेची नवी साडी अंगाला चिकटलेली. तिनं स्वतःच्या हातांकडं बघितलं, मग दगडाकडं बघितलं. आणि तिला हसू फुटलं. असं हसू, की कृष्णातलाही ते आवरेना. त्याचं हसणं, खोकणं आणि थंडीनं कुडकुडणं सगळं एकदमच चाललं.

"ह्यो काय मुटका झाला न्हाय," ती म्हणाली. "नुसती पडले मी. थांबा, हितंच बसा. हलू नगा!"

पदर खोचून ती पायऱ्या चढून गेलीसुद्धा. दगडाच्या टोकावर उभी राहिली, गुडघे छातीशी घेतले आणि "याऽऽऽहूऽऽ" अशी आरोळी ठोकून आली खाली! पाण्याचा लोट पायऱ्यांवरनं कृष्णातच्या तोंडावर आला, कबुतरं फडफडत उडाली. कृष्णातही ओरडला. ती पुन्हा वर गेली, पुन्हा आली. दोघांच्या किंचाळ्यांनी विहीर दणाणून गेली.

या किंचाळ्या शेजारच्या रानात ऐकू गेल्या आणि घोटाळा झाला. करंट लागला, माणसं गेली, असा ओरडा करत पाचपंचवीस जण वाळक्या काठ्या घेऊन धावत आले. गुंडू हात पसरून वाटेत आडवा झाला, पण ऐकतो कोण! सगळ्यांच्या पुढं झुंबरची आत्ती धोंडुबाई, हातात वेळू. झुंबरला पवायला तिनंच शिकवलं होतं. काठावर येऊन तिनं खाली डोकावलं. मागनं तानाबाई रडतच आली.

"काय गं झुंबरे?" आत्तीनं हाक दिली.

"आत्ती, पाणी लई गाऽऽर हाय!"

"आणि करंट?"

"करंट गुंड्याच्या तोंडात हाय!"

धोंडुबाईनं क्षणभर विचार केला. मग वेळू उगारून ती बाप्यांकडं वळली. "काय बघतासा रं? बाई पवतीया. चला मागं! आणि गुंड्या, जा, ट्रॅक्टरची ट्यूब आण. जावईबापू काकडल्यात, त्यांना हलवाय पायजे."

बाप्ये उसामागं गेले. ट्यूब आली. गुंडूनं पाठमोऱ्यानंच ती विहिरीत फेकली. तोवर धोंडुबाईनं कासोटा घट्ट केला होता. सत्तरीची म्हातारी दगडावर चढली, "सरका!" म्हणाली, आणि तिनं जो मुटका मारला त्याच्या पाण्यानं काठावरची तानाबाईही भिजली. भिजलेच आहे तर, म्हणून तानाबाईही डोळे पुसत पायऱ्या उतरून आत आली, आणि आत आल्यावर तिला आपण कशाला रडत होतो तेच आठवेना.

तिघींनी मिळून कृष्णातला ट्यूबमध्ये बसवला आणि मधोमध नेला. वर विहिरीएवढं चौकोनी आभाळ, खाली किती पाणी देव जाणे. तो ट्यूबला मिठी मारून बसला होता.

"झुंबर, सोडू नगं हां! अजाबात सोडू नगं!"

"कवाच सोडलंय की," झुंबर लांबनं म्हणाली.

त्यानं मान वळवून बघितलं. ट्यूबला कुणाचाही हात नव्हता. तो एकटा तरंगत होता, हळूहळू गोल फिरत होता, आणि बुडत नव्हता. पेठेतल्या एकाही माणसाला सांगितलं असतं तरी पटलं नसतं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं दोन्ही हात सोडून टाळी वाजवली, आणि लगेच घाबरून ट्यूब धरली.

"आणि किती उड्या मारणार हायस?" त्यानं दात वाजवत विचारलं.

झुंबर ओल्या साडीचा फटाफट आवाज करत पायऱ्या चढत होती.