प्लग नसलेला डबा

ताईच्या पत्राला पाच महिने झाले, तरी मी उत्तर दिलं नव्हतं. अक्षर तिच्या शेजारणीचं, शब्द मात्र तिचेच. "डोळ्यांना आता अक्षर लागत नाही. तू वाचून दाखवणार असशील तर तुझ्याकडे राहायला येते. फोनवर तू नुसता हं-हं करतोस, म्हणून लिहून विचारते आहे."

मी आयुष्यभर वाचलं, पण मनात. समोर माणूस बसला की माझा आवाज घशातच अडकतो. नाही म्हणवेना आणि हो म्हणायची छाती होईना.

सून नेटवर्कच्या वायरी टाकायचं काम करते. एका रविवारी तिने आमच्याच घरात शिडी लावली. स्वयंपाकघर, बैठक, न्हाणीघर, माझ्या शेजारची रिकामी खोली, सगळीकडे स्पीकर बसवले. माझ्या टेबलावर माइकचा एक छोटा डबा ठेवला.

"बटण दाबायचं आणि बोलायचं, बाबा. चहा हवा असला की दाराशी घुटमळत उभे राहता, त्यापेक्षा हे बरं."

ती खाली गेल्यावर मी डबा उलटापालटा करून पाहिला. मागे एकच वायर, इंटरनेटसाठी लावतात तसली. प्लग कुठेच नव्हता. म्हणजे विजेचं काम बाकी असणार. बटण दाबलं, काही झालं नाही. बिनविजेचा डबा बिचारा, ऐकणार काय आणि कुणाला सांगणार काय! दार लावलं आणि सराव म्हणून त्याला एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवू लागलो. जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या हातून कप्तानाची कवळी हरवते, ती गोष्ट. स्वयंपाक्याला चिरका आवाज दिला. कप्तानाचं बोळक्या तोंडाने बोलणंही केलं. मग पाणी प्यायला थांबलो.

"बाबा, कवळी सापडली का?" खालून मुलगा ओरडला.

दार उघडलं. मुलगा जिन्यात उभा, अर्ध्या गालाला साबण. त्याच्या मागे सून, हातात अर्धवट सोललेला बटाटा.

"तुम्हाला कसं कळलं?"

"सगळ्या घराला कळलं! ऐकू यावं म्हणून वीस मिनिटं मी न्हाणीघरात नळसुद्धा सोडला नाही."

"पण त्याला वीज कुठाय? प्लगच नाही."

सून हसत सुटली. "अहो, आवाज जातो त्याच वायरीतून वीजही येते. खाली बसवलेल्या नेटवर्कच्या खोक्यातून मीच सोडलीय. प्लग लागतच नाही."

माझी कानशिलं तापली. "मग मला थांबवायचं नाही का?"

"थांबवलं असतं तर पुन्हा तोंड उघडलं असतंत? आत जा, दार लावा आणि पुढचं वाचा."

गेलो. कवळी सापडेपर्यंत वाचलं. खालून दोनदा हसणं ऐकू आलं.

मग कागद घेतला. पहिलं पत्र चार पानी झालं, सगळी माफीच. ते फाडलं. दुसरं असं: "ताई, ये. वाचून दाखवीन. मी माझ्या खोलीत दार लावून बसेन, तू शेजारच्या खोलीत पडून ऐक. कंटाळलीस तर भिंतीवर थाप मार."

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं. फटीत अडकलं तर नाही ना, म्हणून बोटं घालून चाचपलं. नव्हतं अडकलं.