पहिली हाक

माझा नवरा ओरडायचं काम करतो. लोकांना वाटतं मी थट्टा करते, पण त्याचं निम्मं काम खरंच तेवढं आहे. उंचावरून पाण्यात उड्या मारणाऱ्यांचा तो प्रशिक्षक. दहा मीटरच्या मंचावरून एखादी पोरगी पहिल्यांदाच नवी उडी मारते, तेव्हा गुडघे छातीशी घट्ट धरून ती हवेत इतक्या कोलांट्या घेते की वर कुठे आणि खाली कुठे हे तिला कळेनासं होतं. छत, पाणी, छत, पाणी, सगळं एकच. अशा वेळी हा काठावर उभा राहून ओरडतो, "हप्!" ते कानावर आलं की गुडघे सोडायचे, अंग ताणायचं आणि हात पुढे करून डोक्याकडून पाण्यात शिरायचं. आमच्याकडे याला हाक म्हणतात. हाक लवकर आली तर पोरगी पाठीवर आपटते, उशिरा आली तर तोंडावर. आणि त्या उंचीवरून पाणी म्हणजे फरशीच असते.

हे सगळं ऐकीव नाही. मीही उड्या मारायचे, देशासाठी मारायचे. कपाटातला एक खण पदकांनी भरलाय आणि अधूनमधून त्यांची धूळ पुसावी लागते. माझ्या प्रत्येक नव्या उडीला हाक यानेच मारली. आम्ही एका वयाचे, एकाच तलावावर वाढलेलो. त्याला स्वतःला उड्या बेताच्याच जमायच्या, पण नजर अशी की मी बिनघोर जीव सोपवावा. पुढे लग्नही त्याच्याशीच केलं. एवढ्या भरवशाचा माणूस हातचा कोण घालवेल?

आता मी कंपन्यांमध्ये भाषणं देते. विषय नेहमीचा, विजेत्यांकडून काय शिकावं. थंडगार सभागृह, हातात माइक, पाठीमागच्या पडद्यावर माझा तरुणपणीचा हवेतला फोटो. भीती फक्त मनात असते, असं मी सांगते आणि चांगले शिकलेसवरलेले लोक ते लिहून घेतात. त्या फोटोत मी घाबरून अर्धमेली झालेली आहे, पण तोंड गुडघ्यांत असल्यामुळे ते दिसत नाही.

आम्हाला एकच मुलगी. आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, तरी तलावावर सगळे तिला बारकीच म्हणतात. तिचा आणि तिच्या बापाचा एक करार आहे. तलावाच्या दाराच्या आत बाबा म्हणायचं नाही, सर म्हणायचं. लहानपणापासून तिने तो पाळलाय. एकदा पायात काच घुसली तेव्हासुद्धा "सर, रक्त" असंच म्हणाली होती.

यंदा तिला देशाच्या संघात जायचं होतं आणि त्यासाठी एक उडी हवी होती: पाठमोरं उभं राहून मागे झेप, हवेत साडेतीन कोलांट्या. बाकीच्या सगळ्याजणींकडे ती आहे. पाण्याचा मार कमी बसावा म्हणून बारकीने अंगात जाड रबरी जॅकेट घातलं, वर चढली, उडाली. मी वर गॅलरीत बसले होते. हा ओरडला, "हप्!" आणि आवाज त्याच्या तोंडातून निघतानाच मला कळलं की लवकर झालं. मी जागची उठलेसुद्धा नाही. बारकीने हाक मानली. हाक मानायचीच असते, वर्षानुवर्षं तेच तर घोटून घेतलेलं असतं. ती पाठीवर आपटली आणि त्या आवाजाने सगळा तलाव गप्प झाला.

वर आली तेव्हा तोंड उघडं होतं आणि श्वास मात्र येत नव्हता. मग खोकली. हातावर गुलाबी थुंकी पडली. फुप्फुसाला मुका मार लागलाय, बरं होईल, असं डॉक्टर नंतर म्हणाले. पण ते नंतर. त्या क्षणी ती काठावर ओणवी होऊन श्वास शोधत होती आणि तो मिळाल्यावर तिने वर बघून बापाला म्हटलं, "आज तुम्ही सर नव्हता. बाबा होता."

एवढा धिप्पाड माणूस, बाकावर जाऊन बसला आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिला. त्यानंतर त्याने तिला हाक मारली नाही. बाकीच्या पोरांना मारतो, ठणठणीत मारतो. हिचं नाव काढलं की घसा बसतो.

तिची पाठ मानेपासून कमरेपर्यंत जांभळी झाली होती. मी रोज मलम लावायचे आणि मनात एकच घोकायचे, आता सोडेल नाद, आता सोडेल. जांभळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं झालं आणि एके दिवशी मलम लावतानाच ती म्हणाली, "आई, तू मार हाक."

"वेड लागलंय का तुला? मी कधी मारली नाहीये कुणाला."

"तू ही उडी मारली आहेस. हवेत काय होतं ते तुला माहितीय."

"सोपी उडी घे ना, बारके. संघात काय, पुढच्या वर्षी जाशील."

"तू घेतली असतीस सोपी?"

मी मलमाचं झाकण लावलं. खोटं बोलायला मला सभागृह लागतं, पोटच्या पोरीसमोर जमत नाही.

स्वयंपाकघरात नवऱ्याला गाठलं. तो कांदा चिरत होता, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचं श्रेय कुणाला द्यावं हे कळायला मार्ग नव्हता.

"माझ्या वेळी तुझं एकदाही चुकलं नाही. हिच्या वेळी काय झालं?"

"तुझ्या वेळी मी कोलांट्या बघायचो. हिच्या वेळी मला पोरगीच दिसते. वाटलं, मरतेय आता. ओरडलो."

"म्हणजे मी मेले असते तर चाललं असतं?"

"ओरडू नकोस गं."

"तुला धड ओरडता येत नाही म्हणून तर माझ्यावर ही वेळ आलीय!"

तो हसला नाही. सुरी खाली ठेवून म्हणाला, "तूही लवकरच मारशील. आई आहेस. नको करूस." मला त्याचा भयंकर राग आला, कारण माझ्या मनात अगदी तेच होतं.

आम्ही सराव सुरू केला. तलावाच्या मागच्या दालनात उसळत्या जाळीवर, कमरेला पट्टा आणि पट्ट्याला दोन्ही बाजूंनी छताला टांगलेले दोर. तिथे चुकलं तरी कुणी आपटत नाही, दोरांवर लोंबकळतं. बारकी उसळायची, फिरायची, मी "हप्!" करायचे आणि ती दोरांवर आडवी लोंबकळत म्हणायची, "लवकर." पुन्हा. "लवकर." पुन्हा. "आई, फारच लवकर, अजून मी सुरूसुद्धा नाही झाले." एकदा मी डोळे मिटूनच ओरडले. दोर धरणारा सहायक तोंड फिरवून हसला तेव्हा मी त्याला असं काही बोलले की तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही. बारकी मात्र चिडली नाही. दोरांवर झोके घेत शांतपणे म्हणाली, "तू माझ्याआधी घाबरतेस."

ते वाक्य मला लागलं. घरी जाऊन जेवले नाही. कारण तिचं बरोबर होतं आणि एक गोष्ट मला तेव्हाच आठवली, जी इतक्या भाषणांत मी कधी सांगितली नव्हती. हवेत असताना, नवऱ्याची हाक यायच्या खूप आधी, माझ्या आतूनच कुणीतरी ओरडायचं. सोड, आता सोड, मरशील. प्रत्येक उडीला. अंगातला कण न् कण तेच सांगायचा आणि ते प्रत्येक वेळी लवकर असायचं. मी फक्त त्याला दाद देत नव्हते. गुडघे धरून ठेवायचे, याचा आवाज येईपर्यंत. मी धीट नव्हते. घाबरतच होते, पण घाबरल्यावर आणखी थोडं थांबत होते. माझी सगळी कर्तबगारी म्हणाल तर एवढीच, आणि ती पदकांच्या खणात दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी जाळीशेजारी उभी राहिले. बारकी फिरली. हाक घशापर्यंत आली. मी ती गिळली. अक्षरशः आवंढा गिळतात तशी. छातीत कळ आली. मग दुसरी हाक वर आली आणि ती मी सोडली. बारकी ताठ, सरळ, डोकं खाली, हात पुढे. दोरांवर उलटी लटकत ती एवढंच म्हणाली, "हं." मी भिंतीला टेकले.

मग जमायला लागलं असं नाही. कधी जमायचं, कधी नाही. गिळायची म्हणून ठरवलं की दोन्ही गिळल्या जायच्या आणि ती पुढे फिरून तोंडावर यायची. जाळीवर हे ठीक होतं. पाण्यावर दोर नसतात.

ज्या सकाळी खरी उडी मारायची ठरली, त्या सकाळी मी चहासुद्धा घेतला नाही. तलावावर क्लोरीनचा वास, पाण्याचा पृष्ठभाग वरून दिसावा म्हणून नळीने सोडलेली फवारणी, तिचा सारखा चुरचुर आवाज. नवऱ्याने येताना दारातच सांगितलं होतं, "मी बघणार नाही." तो पंपाच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. मला तेही हवं होतं. एकटी सोडून गेला म्हणून संतापही आला.

बारकी जिना चढत होती. रबरी जॅकेट, ओले केस, मध्येच थांबून नाक पुसणं. लहानपणी शाळेत जाताना असंच पुसायची. मला वाटलं हाक मारून खाली बोलवावं. ये खाली, नको ती उडी, नको तो संघ, घरी जाऊ. मी आई आहे, मला तेवढा हक्क आहे. तोंड उघडलंही. पण एव्हाना ती टोकावर पाठमोरी उभी होती, टाचा मोकळ्या हवेत, आणि अशा वेळी कुणी आवाज केला तर माणूस पडतो.

तिने हात वर घेतले. माझ्या कानात फवारणीचा आवाज बंद झाला.

ती उडाली.

गोळा झाली. एक. हाक घशात आली, इतकी लवकर, इतकी जोरात, की दातांवर आपटली. मी ओठ आवळले. पोरगी फिरत होती आणि खाली येत होती आणि मला तिची पाठ दिसत होती, जिच्यावर मी मलम लावलं होतं, तीच पाठ, आणि सगळं अंग सांगत होतं, ओरड गं, ओरड, कसली आई तू. मी गिळलं. आयुष्यात इतकं कठीण काही गिळलं नव्हतं. आणि मग दुसरी हाक वर आली की नाही हे मला कळलंही नाही, माझाच आवाज बाहेरून ऐकू आला.

"हप्!"

ती उघडली. सरळ. पाण्यात शिरली तेव्हा फाटल्यासारखा एक छोटा आवाज झाला, आपटल्याचा नाही. मग पाणी मिटलं, फवारणी पुन्हा ऐकू यायला लागली आणि बारकी वर येईना. खरं तर ती नेहमीइतकाच वेळ खाली होती. मी तोंडावर हात दाबून उभी होते. मला रडू येत होतं आणि ओरडावंसं वाटत होतं.

ती वर आली. हसत. केस मागे सारले.

पंपाच्या खोलीचं दार उघडलं. आपटल्याचा आवाज आला नाही म्हणून तो बाहेर आला होता. चेहरा पांढराफटक. बारकीने त्याला बघितलं आणि पाण्यातूनच म्हणाली, "सर, आईने बरोबर मारली." तो मान हलवत राहिला. मी जवळ गेले, त्याचा दंड धरला. मला वाटलं, झालं. संपलं एकदाचं. आता घरी जाऊन झोपावं.

बारकी शिडीवरून काठावर आली. जॅकेटची चेन ओढली, अंगातून ते काढलं आणि बाकावर टाकलं. खाली नुसता पोहण्याचा पोशाख.

"हे काय? जॅकेट का काढलंस?" मी विचारलं.

"स्पर्धेत जॅकेट नसतं," ती म्हणाली. "हाकही नसते. आता तू ओरडू नकोस, आई. मला कोलांट्या माझ्या मीच मोजायच्यात."

"आज नको. उद्या."

"आज अंगात आहे. उद्या जाईल."

मी नवऱ्याकडे बघितलं. या वेळी तो पंपाच्या खोलीकडे गेला नाही. माझ्याशेजारी उभा राहिला, माझं मनगट धरून. बारकी जिना चढायला लागली. मध्ये थांबली, नाक पुसलं, पुन्हा चढली. टोकावर जाऊन पाठमोरी उभी राहिली.

ती उडाली. घशात पहिली हाक आली, मी गिळली. दुसरी आली, तीही गिळली.