बाराव्या दाण्याची गोष्ट

तलासरीकडच्या त्या पाड्यावर सकाळीच सगळे लडक्या भगताच्या पितळी परातीभोवती जमले होते. २०१९ चा फेब्रुवारी. तीन महिने जमीन हादरत होती, भिंतींना भेगा पडल्या होत्या, आणि भगत म्हणत होता, हे काम पाड्यातल्याच भुताळीचं, चेटूक करणाऱ्या बाईचं. एकेका बाईचं नाव घेऊन तो कमरेच्या पिशवीतून भाताचा दाणा काढी आणि परातीतल्या पाण्यात बोटाने बुडवी.

"कणसरी माय सांगेल, धान्याची देवी आहे ती. चांगलीचा दाणा तळाला, भुताळीचा वर."

अकरा दाणे तळाला गेले. बारावा, नवशीकाकीच्या नावाचा, टुणकन वर आला. आता दिवस मावळायच्या आत तिला पाडा सोडावा लागणार होता.

सुदामने भगतापुढे भक्तिभावाने हात जोडले. हा सुदाम म्हणजे पाड्यातला विज्ञानवाला, तोही स्वतःच नेमलेला. कृषी खात्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र त्याने काचेत लावलं होतं, आणि पहिल्या धक्क्याला बायकोच्या आधी तेच घराबाहेर काढलं होतं. नवशी त्याची सख्खी चुलती. आई गेल्यावर तिनेच त्याला भरवून वाढवलं, तरी शहाण्याचे हात जोडलेलेच. पाहणीला आलेले साहेब म्हणाले होते, खाली खडक सरकतात, पुढचा धक्का कधी ते आम्हालाही सांगता येत नाही. सुदामला ते पचलं नव्हतं. भगताकडे निदान नाव तरी होतं.

काकी रडली नाही. विधवा, मूलबाळ नाही, भांडायला मागे कोणी नाही. भगताने तिलाच का निवडलं हे तिला कळलं होतं. परातीतला दाणा उचलून तिने सुदामच्या तळहातावर ठेवला.

"नख लाव."

त्याने नख लावलं. टरफल फुटलं, आत काहीच नव्हतं.

"पेरणीआधी मिठाच्या पाण्यात बियाणं टाकून तूच शिकवतोस ना, वर येतो तो पोचट? कणसरी खोटं बोलत नाही रे. दाणा रिकामा आहे, एवढंच ती सांगते."

सुदामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दर जूनला हेच तो घसा फोडून सांगत होता. त्याने पिशवी मागितली. भगत म्हणाला, हात लावशील तर रक्त ओकशील. तरी सुदामने पिशवी ओढलीच. आत दोन पुड्या निघाल्या, एकीत भरलेले दाणे, दुसरीत पोचट. भगताचंच नाव घेऊन त्याने दुसरीतला दाणा बुडवला. तो वर आला. माणसं हसायला लागली.

तेवढ्यात जमीन हादरली. सगळ्यांत आधी भगत पळाला, त्याच्या मागोमाग सुदाम. काकी जागची हलली नाही.

जूनमध्ये बियाणं निवडताना सुदामने तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "जमीन का हलते ते शिकलेल्याला विचारा. तो माहीत नाही म्हणाला तर थांबा, तो खोटं तरी बोलत नाही. पण जो लगेच बाईचं नाव सांगतो, त्याच्या दाण्याला आधी नख लावा."

"आणि आमच्या सुदामच्या डोक्यालाही," काकी म्हणाली, "मधूनमधून."