मनगटावरचा घट्टा

जेबेझ हर्स्टचा उजवा हात कुणाचं ऐकेनासा झाला होता. जेवताना तो टेबलाची कड चाचपायचा, चॅपेलमध्ये प्रार्थना चालू असताना पुढच्या माणसाच्या कोटाकडे वळायचा. काम नसलं की बाकीचं अंग सुस्तावतं, हात सुस्तावत नाही. बावीस वर्षं त्या हातानं चाळीस पौंड वजनाची कातरी चालवून लोकरी कापडावरची लव उतरवली होती. दांडा टेकून टेकून मनगटावर खुरासारखा घट्टा वाढला होता. इंग्लंडातल्या हडर्सफील्डच्या खोऱ्यात हा घट्टा म्हणजे कातऱ्याची अब्रू. गुत्त्यात नवखा आला तर आधी बाही सरसावायचा, मग नाव सांगायचा.

तीच अब्रू जेबेझ आता रोज सकाळी चुलीपाशी बसून वाळूच्या दगडानं घासत होता.

नदीकाठच्या गिरणीत लव कातरणारी यंत्रं आली होती आणि जेबेझचा कारखाना बंद पडला होता. शेजारच्या खोऱ्यात कुणीतरी असली यंत्रं घणानं फोडली, तेव्हापासून गिरणीच्या फाटकावर मनगट तपासायची रीत पडली. घट्टा दिसला की माणूस परत. फोडणारा असो नाहीतर देवभोळा, विचारतो कोण?

"दाजी, खूर काढताय?" त्याच्या बायकोचा, टॅबिथाचा, धाकटा भाऊ अमोस दारात उभा राहून हसला. "त्यापेक्षा नाल ठोकून घ्या."

"तुला हसायला काय जातंय," टॅबिथा म्हणाली. "तुझी चूल पेटतीय."

ते खरं होतं. म्हाताऱ्या सायक्सच्या कारखान्यात अमोस आणि आणखी चौघे अजून हातानं कातरत होते. गिरणीच्या कापडाला काठाशी लव राहायची, ती काढायला उंची कापड सायक्सकडे यायचं.

"यंत्राला काठ जमत नाही," अमोस म्हणाला. "तो जमत नाही तोवर आम्ही आहोत. पण तुम्ही त्या यंत्राला चारा घालायला जाणार, दाजी? लाज नाही वाटत?"

"वाटते," जेबेझ म्हणाला, आणि घासत राहिला.

फाटकावर मुकादम क्रॅबट्रीनं मनगट उलटंसुलटं केलं. "लाल का झालंय?"

"भाजलं."

मुकादमाला माणूस हवा होता. त्यानं आत घेतलं आणि मालकाची पोपटपंचीही ऐकवली. हात कमी लागले की कापड स्वस्त, कापड स्वस्त की गिऱ्हाईक जास्त, म्हणजे शेवटी सगळ्यांचंच भलं. जेबेझनं घरी ते जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा टॅबिथा ओटची भाकरी उलटता उलटता म्हणाली, "त्या सगळ्यांत आपल्याला धरलंय का, विचारलंस?"

गिरणीत विचारायला उसंत नव्हती. जुन्या कारखान्यात कातरीला धार लावायला थांबायचं, दोन घोट बिअर, चार टवाळ्या, मग पुन्हा काम. इथं पाणचक्की फिरतेय तोवर यंत्र फिरणार आणि माणसानं त्याच्यामागे धावायचं. जेबेझ कापड लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. घरी झोपला तरी पाय चालत असायचे.

आणि तो काठ! दर थानाला मधलं कापड साफ आणि काठाशी चार बोटं केसाळ. जेबेझला ते बघवत नसे. दुसऱ्याच्या पोराचं वाहतं नाक दिसावं आणि पुसता येऊ नये, तसं व्हायचं. तिसऱ्या आठवड्यात उंची निळं कापड लागलं, तेव्हा त्याचा हात राहिला नाही. यंत्र थांबवून त्यानं कापडाखाली बोटं घातली. यंत्राची खालची गादी काठाशी दबली होती. कापड तिथं खाली जायचं, पातं वरून जायचं. इतकंच. त्यानं मूठभर लोकर गादीत कोंबली आणि यंत्र सुरू केलं.

काठ गुळगुळीत निघाला. जेबेझला आनंद झाला, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. तो हसलासुद्धा. मग अमोस आठवला. लोकर उपसायला तो वाकला, तोवर क्रॅबट्रीचा तळवा कापडावर फिरत होता.

"हे तू केलंस?"

जेबेझनं बाही खाली ओढली.

"भाजलेला हात बरा झालेला दिसतोय," मुकादम म्हणाला. त्यानं मनगट पाहायला मागितलं नाही. संध्याकाळपर्यंत गिरणीतल्या नऊही यंत्रांच्या गाद्यांत लोकर भरली गेली.

जेबेझ घरी काहीच बोलला नाही. पुढचे दहा दिवस दार वाजलं की तो उठून उभा राहायचा. अकराव्या दिवशी, रविवारी, खरोखरच अमोस आला. आज त्यानं थट्टा केली नाही.

"सायक्सनं कारखान्याला कुलूप लावलं," तो म्हणाला. "यंत्राला काठ जमायला लागला. गिरणीवाल्यांना हे सुचायचं नाही. कुणा कातऱ्याचंच काम."

टॅबिथानं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा हात टेबलाची कड चाचपत होता.

"मी केलं," जेबेझ म्हणाला. "ठरवून नाही, अमोस. काठ बघवत नव्हता."

"बाजारात बघितलं ते निळं कापड," अमोस म्हणाला. "हात फिरवला मी. चांगलं निघालंय."

मग त्यानं खुर्ची ओढली, उजवी बाही वर सारली आणि मनगट टेबलावर ठेवलं. "दगड कुठाय?"

जेबेझनं फळीवरून दगड काढला, पण दिला नाही. आधी कोमट पाण्याचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं.

"भिजू दे थोडं," तो म्हणाला. "नाहीतर रक्त येतं."