जांभळ्या दिव्याखालची रोपं

मी दिवा आहे, पण माझ्या उजेडात कुणी पुस्तक वाचत नाही की भाजी निवडत नाही. जिथे ऊन पोचत नाही अशा खोल्यांत रोपं वाढवण्यासाठी मला टांगतात. लाल आणि निळ्या बारीक एलईडींचा मी बनलेला, त्यामुळे माझा उजेड जांभळा दिसतो.

एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. एकीने एलईडी बसवले, दुसरीने पाठीला पंखा जोडला, तिसरीने एकदा पेटवून पाहिलं आणि खोक्यात घातलं. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१००० वॅट’ छापलेलं होतं. तो आकडा कुणी ठरवला ते मला ठाऊक नाही. मला कुणी विचारलं नव्हतं.

दुकानाच्या फळीवर मी चार महिने काढले, मग एक बाई आल्या. साठीच्या, उजव्या मनगटाचं प्लॅस्टर नुकतंच निघालेलं. त्यांची भाची त्यांना मावशी म्हणते, म्हणून मीही मावशीच म्हणतो. घराच्या तळघरात त्या बावीस वर्षं टोमॅटो आणि मिरचीची रोपं तयार करत होत्या. हात प्लॅस्टरमध्ये असताना त्यांच्या जुन्या ट्यूब एकामागून एक गेल्या, म्हणून त्या दिवा शोधत होत्या.

“हा न्या,” दुकानदार म्हणाला. “हजार वॅटचा आहे. डोळे दिपतील.”

डोळे खरंच दिपले. मावशींनी मला घरी आणलं आणि मधल्या रॅकवर टांगलं. पाठीवरचा पंखा घुरघुरत मी रोज सोळा तास जळू लागलो.

बी रुजलं, पण रोपं धड वाढेनात. माझ्या बरोबर खालची चार-सहा तेवढी बरी होती. बाकीची उजेड शोधत लांब आणि बारीक झाली आणि दोन आठवड्यांत त्यांनी माना टाकल्या. मावशींनी माती बदलली, बी बदललं, पाणी कमी केलं, मग वाढवलं. त्या माझ्याकडे कधी बघत नसत. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत. तो हात आता जरा थरथरायचा.

तिसरी खेप वाया गेली तेव्हा त्यांनी जवळच्या एका बागेच्या माळ्याला फोन केला. तो दरवर्षी त्यांच्याकडूनच रोपं न्यायचा.

“माळीभाऊ, यंदा दुसरीकडे बघा,” त्या म्हणाल्या. “माझा हात गेला. रोप उचलताना मुळं दुखावत असतील.”

त्याच आठवड्यात भाची आली. ती एका प्रयोगशाळेत काम करते. मावशी रिकामे ट्रे धुऊन एकावर एक रचत होत्या.

“हे काय चाललंय?”

“आवरतेय. ही खोली आता सामानाला होईल.”

भाचीने वाद घातला नाही. दोन दिवसांनी ती दोन मापकं आणि एक दिवा घेऊन परत आली. तो दिवा लांब, पांढऱ्या उजेडाचा, बिनपंख्याचा होता. माझ्या शेजारी तो अगदी साधा दिसत होता.

“आधी वीज मोजू,” ती म्हणाली.

मी एकशे दहा वॅट खात होतो, तो अठ्ठ्याण्णव. मावशींनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला.

“खोक्यावर तर हजार लिहिलंय.”

“लिहिलंय खरं.”

मग आम्हा दोघांना पाळीपाळीने सारख्याच उंचीवर टांगून तिने ट्रेवर नऊ जागी खुणा केल्या आणि रोपांना उपयोगी पडणारा उजेड मोजला. मधोमध मी चारशे वीस भरलो, तो तीनशे तीस. क्षणभर वाटलं, जिंकलो. पण कोपऱ्यांत मी सत्तरवर आलो आणि तो दोनशे दहावर. नऊ जागांची सरासरी काढली तेव्हा माझी एकशे साठ निघाली, त्याची दोनशे सत्तर. एका वॅटमागे त्याच्याकडून रोपांना माझ्या जवळजवळ दुप्पट उजेड मिळत होता. उरलेल्या विजेची मी बरीचशी ऊब करत होतो.

“आकडे राहू देत,” मावशी म्हणाल्या. “रोपं हाताने वाढतात.”

“मग तुझ्याच हाताने बघू,” भाची म्हणाली. “रॅकच्या मध्ये पुठ्ठा लाव. दोन्हीकडे एकच बी, एकच माती, पाणी तूच घाल. मी बोटही लावणार नाही.”

अठरा दिवस मावशींनी तसंच केलं. पाणी घालताना झारी हलायची, थेंब इकडेतिकडे उडायचे, दोन्ही बाजूंना सारखेच. माझ्या बाजूला पुन्हा तेच लांबुळके देठ आले. पुठ्ठ्यापलीकडे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं.

अठराव्या दिवशी पुठ्ठा काढला. पलीकडची रोपं बुटकी, जाड देठाची, गडद हिरवी होती, अगदी कोपऱ्यापर्यंत. मावशींनी एक रोप थरथरत्या बोटांनी उचलून कुंडीत लावलं. ते सरळ उभं राहिलं. त्या स्टुलावर बसल्या.

“तीन महिने,” त्या म्हणाल्या. “तीन महिने मी माझ्या हाताला शिव्या घातल्या.”

मग त्यांनी फोन उचलला. “माळीभाऊ, दुसरीकडे बोलणी झाली नसतील तर थांबा. तीन आठवड्यांनी या.”

भाची मला काढून भंगारात द्यायला निघाली. मावशींनी अडवलं.

“राहू दे गं. खोक्यावरचं त्याने थोडंच लिहिलंय?”

आता मी जिन्याखाली टांगलेला आहे. माझ्या खाली लिंबाची एकच कुंडी आहे आणि एका कुंडीपुरता मी पुरतो. त्या रॅकवर आता पांढरे दिवे आहेत. त्यांचा मला राग नाही.

एवढंच सांगायचं होतं. तुमची रोपं कोलमडली, तर आधी स्वतःच्या हाताला बोल लावू नका. एकदा मान वर करून आमच्याकडे बघा आणि मोजा. आम्हाला राग येणार नाही.