सोवळ्याची तार

मी तांब्याची तार बोलते आहे. माजघरातल्या खुंटीला मला वेटोळं करून टांगलं आहे. माझ्या अंगावर सुताचं जुनं वेष्टण आहे, आणि दोन ठिकाणी मी बांबूच्या नळीवर गुंडाळलेली आहे. त्यातल्या एका नळीवर धुवट लुगड्याची चिंधी घट्ट बांधलेली दिसेल. पाहुणे विचारतात, ही मोडीत का घालत नाही? ते मीच सांगते.

सोलापूरच्या एका कापडगिरणीत मी विजेच्या मोटारीच्या पोटात होते. अंधार, उष्मा आणि गरगर, एवढंच माझं जग. नवी मोटार आली तशी जुनी फोडली गेली आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडले. तिथून मला गंगाधरपंतांनी उचललं.

गंगाधरपंत रेल्वेत तारमास्तर. वडीलही तारमास्तरच होते, होटगी जंक्शनवर. गंगाधर आणि शरच्चंद्र हे दोघे भाऊ लहानपणी जेवायला बसले की बोटांनी ताटाच्या काठावर तारेची भाषा वाजवायचे आणि आईची, मथुराबाईंची, बोलणी खायचे. पुढे शरच्चंद्र बिनतारी संदेशाचं काम शिकला आणि आफ्रिकेतल्या मोंबाशाच्या बंदरात नोकरीला गेला.

तो गेला त्या दिवशीचं मी पाहिलेलं नाही. गंगाधरपंतांच्या पत्नी दुर्गाबाई माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, मिरच्या वाळत घालताना शेजारणीला सांगत होत्या, ते ऐकलं. मथुराबाई सोवळ्यात नैवेद्याचा स्वयंपाक करत होत्या. शरच्चंद्र प्रवासाचे कपडे घालून नमस्काराला वाकला. सवयीनं त्या म्हणाल्या, "शिवू नकोस. नैवेद्य होऊ दे, मग कर." एवढ्यात टांगा आला, गाडीची वेळ झाली, आणि उंबऱ्यावरूनच हात जोडून तो गेला. त्याला पाच वर्षं झाली होती. अजून टांगा दाराशी थांबला की मथुराबाईंच्या हातातलं काम थांबे.

गंगाधरपंतांनी सरकारी परवाना काढला, यंत्र जुळवलं, आणि भावाला कळवलं की दर रविवारी दिवेलागणीला मी हाक मारीन, तू ओ दे. हाक दूर जायची तर एरियल हवं. ते एरियल म्हणजे मी.

मला सहासष्ट फूट ताणून बांधलं, तरच मी त्यांना हवा तो सूर धरणार होते. पण त्यांचं माळवद त्याच्या निम्म्यानंही नव्हतं. पलीकडे घरमालक ईश्वरप्पांचं माळवद मोकळं पडलं होतं. गंगाधरपंत विचारायला गेले तर ईश्वरप्पा म्हणाले, "मास्तर, तुमी शिकलेली मानसं. पन आबाळातली वीज तुमच्या तारेवरनं माज्या घरात उतरली तर मी कुनाला तार करू?"

मग गंगाधरपंतांनी दुसरी युक्ती केली. जी लांबी पसरता येत नाही, ती गुंडाळून घ्यायची. माझे दोन हात केले, प्रत्येक हाताच्या मधोमध बांबूची नळी घेऊन तिच्यावर फेरे दिले. टोकं भिंतीवरून खाली सोडली. दोन बाजूंना वासे उभे केले, आणि मला वाशांपासून अलग ठेवायला सोड्याच्या बाटल्यांच्या फुटक्या माना लावल्या. फेरे इतके नाजूक जुळवले होते की दोन जरी सरकले, तरी सूर बिघडायचा. खाली येऊन त्यांनी घरात बजावलं, "त्या तारेला कुणीही शिवायचं नाही."

मी आकाशाखाली आले खरी, पण आखडून. पलीकडच्या मोकळ्या माळवदाकडे पाहत मी दिवस काढू लागले. जिला लांब जायचं आहे तिला पोटाशी गुडघे घेऊन बसवलं, तर कसं वाटेल?

पहिला रविवार गेला. दुसरा गेला. मोंबाशाहून ओ येईना. गंगाधरपंत सकाळी वर येऊन पाहत, तर फेरे सरकलेले. ते नीट बसवत आणि कावळ्यांना शिव्या देत. रविवारी संध्याकाळी थेट खाली यंत्राशी बसत, पण ओ नाहीच. अशात शरच्चंद्राचं कळलं की त्याची बदली आत, बंदरापासून खूप दूर होते आहे. तिथं यंत्र नसणार. येता रविवार शेवटचा.

मथुराबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या "बरं" म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या. निवडलेले तांदूळ त्यांनी पुन्हा निवडले, असं दुर्गाबाई म्हणाल्या.

त्या रविवारी भर दुपारी दुर्गाबाई मिरच्या हलवायला वर आल्या आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. खाली वाकून त्यांनी हाक मारली, "अहो, तुमचा कावळा सापडला. लुगडं नेसतो."

माझ्यावर मथुराबाईंचं सोवळ्याचं लुगडं वाळत होतं.

त्यांचं तरी काय चुकलं? सोवळ्याचं लुगडं अशा उंच वळणीवर घालायचं की तिला कुणाचा हात लागू नये. लेकानंच बजावलं होतं की या तारेला कुणी शिवायचं नाही. साऱ्या घरात माझ्याइतकी पवित्र वळणी दुसरी नव्हती. त्या रोज जेवणं झाल्यावर काठीनं लुगडं माझ्यावर टाकत, पहाटे आंघोळ झाली की काठीनंच काढत, आणि काठीचं टोक माझे फेरे सरकवी.

गंगाधरपंत वर आले, मागोमाग मथुराबाईही. आईशी कधी आवाज न चढवणारा माणूस त्या दिवशी ओरडला. "आई, कुणी शिवत नाही म्हणून इथं घातलंस? अगं, शरद तिकडे यंत्रावर बोट ठेवतो, ते इथं या तारेला येऊन लागतं. तोच शिवणार आहे तुझ्या सोवळ्याला!"

मथुराबाई काठी हातात धरून उभ्या होत्या.

"तिकडनं शिवतो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"समुद्रापलीकडनं?"

"हो, आई."

त्यांनी काठी खाली ठेवली आणि चवड्यांवर उभं राहून हातानंच लुगडं ओढून घेतलं. गंगाधरपंत फेरे जुळवायला लागले. हाताशी दोरा नव्हता, आणि फेरे पुन्हा सरकू नयेत म्हणून काहीतरी बांधायला हवं होतं. टर्रकन आवाज झाला. मथुराबाईंनी त्या लुगड्याची पट्टी फाडली होती.

"यानं बांध."

"आई, सोवळ्याचं आहे ते."

"म्हणून तर. त्याला शिवू दे."

दिवेलागण झाली. यंत्र खालच्या खोलीत होतं, पण माझं एक टोक तिथवर पोचत होतं, त्यामुळे पुढचं सगळं मला ठाऊक आहे. गंगाधरपंतांनी हाक मारली आणि थांबले. पुन्हा मारली. मग पश्चिमेकडून काहीतरी इतकं हलकं येऊन मला लागलं की मुंगी अंगावरून गेल्यासारखं वाटलं. थरथरत मी ते खाली पोचवलं.

गंगाधरपंतांनी कानावरचे हेडफोन काढून आईपुढे धरले. चामड्याची वस्तू, दहा जणांचे हात लागलेली, सोवळ्यात न चालणारी. मथुराबाईंनी ती दोन्ही हातांनी कानांना लावली.

मग म्हणाल्या, "हा शरदच. भात वाढायला उशीर झाला की ताटावर असाच वाजवायचा. शेवटी दोनदा घाईनं."

एका बाजूला कान लावून गंगाधरपंत म्हणाले, "आई, तो नमस्कार सांगतोय तुला."

"त्याला म्हणावं, पोचला." हेडफोन परत देत त्या म्हणाल्या, "त्या दिवशीचाही पोचला म्हणावं."

ते गेलं की नाही? गेलं. मीच पाठवलं. उलट ओ मात्र अर्धीच आली आणि विरून गेली.

नंतर शरच्चंद्र बंदरातून आत गेला. गंगाधरपंत तरीही रविवारी बसत, मथुराबाई शेजारी पाट घेऊन बसत, आणि माझ्या अंगाला वाऱ्याशिवाय काही लागत नसे. एकोणचाळीस साली युद्ध सुरू झालं, परवाने रद्द झाले, यंत्र सरकारजमा झालं आणि मला उतरवायचा हुकूम आला. मला उतरवताना ईश्वरप्पा भिंतीशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "मास्तर, पुन्यांदा बांधाल तवा माज्या माळवदावर बांधा की. पायजे तेवडी पसरा. वीज पडली तर बगू."

तेव्हापासून मी या खुंटीवर आहे. मथुराबाई आता लुगडं दुसऱ्या वळणीवर घालतात. पण आंघोळ करून, सोवळं नेसून चुलीकडे जाताना त्या माझ्यापाशी थांबतात आणि चिंधीवर बोट टेकवतात. दोनदा, घाईनं.

मला मोडीत घालू नका. युद्ध संपलं की मला ईश्वरप्पांच्या माळवदापर्यंत एकदा सरळ ताणून बांधा. फेरे सोडवा हवे तर, पण चिंधी राहू द्या. दिवेलागणीला पश्चिमेकडून कुणी बोट टेकवलं, तर ते कुणाचं, हे मी ओळखीन.