उचललेली जीप

मानसिंगनं जीपच्या वाकलेल्या दाराशी पाय रोवला आणि जोर लावून ते उघडलं. सीटवर काचांचा चुरा पडला होता. त्याच्या पोराची, यशराजची एक चप्पल क्लचखाली अडकली होती. ती ओढून काढून त्यानं बगलेत धरली.

"काका, राहू द्या. मी काढतो सगळं," सिद्धू म्हणाला. माधवनगरातलं हे गॅरेज त्याचं. यशराज आणि तो शाळेपासूनचे सोबती. पंचनामा उरकल्यावर जीप त्याच्याच दारात आणून टाकली होती.

मानसिंग चाकाजवळ उकिडवा बसला. स्प्रिंगच्या पाट्यांना लावलेले लोखंडी ठोकळे जागच्या जागी होते. नवे, लांब शॉकअप्सर अजून चकाकत होते. टप चेपला होता. जीपला उंच करणारं तेवढं सगळं शाबूत होतं.

हे त्यानंच करायला लावलं होतं. मागच्या पावसाळ्यात रंगूबाईच्या छातीत कळा आल्या, तिला मिरजेला दवाखान्यात न्यायचं होतं, आणि ओढ्याच्या पाण्यात जीप बंद पडली. बायकोला खांद्यावर टाकून तो पलीकडं गेला. ती वाचली. पण फौजेतून परतलेला हा गडी तेव्हापासून पोराच्या मागं लागला, गाडी उचलून घे. पोरानं घेतली. उंच झालेली जीप अंगणात आली तेव्हा चाकापुढं नारळ मानसिंगनंच फोडला होता.

"रस्त्यावर नेमकं काय झालं रं?"

सिद्धू फडक्याला हात पुसत राहिला. "मोटारसायकल आडवी आली. यशानं स्टेअरिंग मारलं. आवं, जुन्या उंचीची गाडी असती तर हेलकावा खाऊन सरळ झाली असती. उचलली की तोल वर जातो, काका. ती दोन चाकांवर गेली ती परत खाली आलीच न्हाई. वळणाला जप म्हणून मी बजावलं हुतं. हसला नुसता."

"निघाला कुठं हुता? घरात कुणालाच सांगितलं न्हाई."

सिद्धूनं मान खाली घातली.

"माझ्याकडंच येत हुता. फोन केला हुता, ठोकळे काढून टाक म्हणाला. आईला चढता येत न्हाई, गुडघं धरत्यात. परवा गाडीपाशी उभं राहून रडली, म्हणाला."

मानसिंगनं बगलेतली चप्पल हातात घेतली.

"हे कुणाला बोललास?"

"न्हाई."

"बोलू नगंस."

तो घरी पोचला तेव्हा रंगूबाई सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. पोराला स्मशानात नेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. भावकीतल्या बायका एकमेकींना म्हणत, हिला रडवा कुणीतरी.

"गॅरेजात गेला हुतासा?"

"व्हय."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"यशा गाडी बसकी कराय चालला हुता का वो? मीच म्हणलं हुतं त्याला, चढवत न्हाई म्हणून. माझ्यापायी..."

"न्हाई," मानसिंग म्हणाला. "मी धाडलं हुतं त्याला. पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर जळालाय, घेऊन ये म्हणलो. उद्या जातो म्हणत हुता. मीच ऐकलं न्हाई."

रंगूबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग भिंत धरून उठली, गुडघे सावरत त्याच्यापुढं आली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारू लागली.

"उद्या जातो म्हणत हुतं माझं लेकरू! का धाडलंसा? का धाडलंसा त्याला?"

तिला रडू फुटलं. आतल्या बायका धावत आल्या, तिला मागं ओढू लागल्या. मानसिंगनं मानेनंच त्यांना थांबवलं. हात मांड्यांना चिकटवून तो ताठ उभा राहिला, आणि ती मारत होती तोवर जागचा हलला नाही.